छत्रपती संभाजीनगर : साखरखेर्ड्याच्या प्रवाशास थोडी ओळख

साखरखेर्ड्यात राहून संभाजीनगरास कधीच न गेलेला माणूस शोधावा लागेल. कोणी आजारी नातलगास घेऊन घाटीच्या इस्पितळात जातो, कोणाचा मुलगा किंवा मुलगी तेथे शिकावयास असते, कोणाला लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो. काम झाले, मकबऱ्यापर्यंत एक फेरी मारली, गुलमंडीवर खरेदी केली आणि परतीची एस. टी. धरली, की शहर पाहून झाले असे आपण समजतो. आम्हीही कित्येक वर्षे असेच समजत होतो. परंतु पाहणे वेगळे आणि ओळख होणे वेगळे. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे आज हा विषय मांडण्याचा हेतू एवढाच की, पुढच्या खेपेस आपल्यापैकी कोणी त्या शहरात उतरला, तर त्याला ते परके वाटू नये.

ते परके नाहीच. त्या शहराच्या नशिबाचा एक मोठा निकाल आपल्याच शिवारात लागला आहे. 1724 सालच्या ऑक्टोबर महिन्यात निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई साखरखेर्ड्यापाशी झाली. निजामुल्मुल्क दिल्लीचा दरबार सोडून दक्षिणेत आला होता. बादशहाची फूस असलेला मुबारिझखान त्याच्यावर चालून आला. बाजीराव पेशव्यांचे साहाय्य निजामाला होते. मुबारिझखान रणात पडला, दक्षिणेची सुभेदारी निजामाच्या हाती पक्की झाली, आणि पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या निजामी राज्याचा आरंभ या लढाईपासून धरला जातो. त्या राज्याची पहिली राजधानी औरंगाबाद. विजयाची खूण म्हणून निजामाने आपल्या गावाचे नाव फत्तेखेर्डा केले. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात गाव त्याच नावाने सापडते. लोकांनी मात्र तोंडातली साखर सोडली नाही!

नावांची ही गोष्ट निघालीच आहे, तर शहराच्या नावाविषयी बोलून घेऊ. आरंभी तेथे खडकी नावाचे खेडे होते. 1626 साली मलिक अंबर वारला आणि त्याचा मुलगा फतेखान याने आपल्या नावावरून शहरास फतेहनगर म्हटले. म्हणजे 'फत्ते'चा शिक्का आपल्या गावावर बसण्यापूर्वी शंभर वर्षे तो त्या शहरावर बसून गेला होता. पुढे 1653 साली औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना औरंगाबाद हे नाव पडले, आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर हे नाव शासनाने अधिकृत केले. प्रवाशाने ही सारी नावे ठाऊक असू द्यावीत. कारण पुस्तकात एक भेटेल, फलकावर दुसरे, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात तिसरे. हे जगात इतरत्रही घडते. व्हिएतनाममधील सायगाव या मोठ्या शहराचे नाव 1976 साली हो चि मिन्ह शहर असे झाले, तरी तेथील पुष्कळ लोक बोलताना अजून सायगावच म्हणतात. नाव बदलण्यामागे लोकांच्या भावना असतात आणि जुने नाव तोंडी राहण्यामागे सवय असते. शहराची ओळख करून घेऊ पाहणाऱ्याने दोहोंचाही मान राखावा. या लेखात आम्ही ज्या काळची गोष्ट सांगू त्या काळचे नाव वापरू.

आता मुख्य मुद्दा. शहर ओळखावयाचे तर आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर असे की, पाण्यापासून करावा. पठारावरचे हे शहर मोठ्या नदीच्या काठी नाही. जवळून वाहते ती लहानशी खाम नदी. अशा जागी राजधानी वसविण्याचे धाडस मलिक अंबराने 1610 साली केले. हा पुरुष मूळचा आफ्रिकेतील हबसाणचा. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत हिंदुस्थानात आला, आणि बुद्धीच्या व तलवारीच्या जोरावर निजामशाहीचा वजीर झाला. (ही निजामशाही अहमदनगरची, हैदराबादच्या निजामाशी तिचा संबंध नाही.) मोगलांना त्याने आयुष्यभर दाद दिली नाही. शहरातील भडकल दरवाजा त्याने उभारला. तो पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

परंतु त्याचे खरे स्मारक जमिनीखाली आहे. 1617 च्या सुमारास त्याने जी नहर बांधविली, तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. शहराच्या उत्तरेस हर्सूलकडे डोंगर आहेत. त्या बाजूला जमिनीत मुरलेले पाणी खोल भुयारी मार्गात पाझरून जमते. त्या मार्गाला शहराकडे अगदी बेताचा उतार दिलेला आहे. ना मोट, ना पंप. पाणी आपल्याच वजनाने वाहत येते. जमिनीखालून वाहत असल्याने ते उन्हाने आटत नाही आणि वाटेत घाणही होत नाही. आत उतरून सफाई करता यावी म्हणून ठराविक अंतरावर वर तोंडे ठेवलेली असत. शहरात आल्यावर ते पाणी मातीच्या नळांनी हौदांत व कारंज्यांत फिरे, आणि नळांत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून मधे मधे उंच मनोरे उभारलेले असत. आपल्या विहिरीचे पाणी दोन शेते पलीकडे नेताना पाटाचा उतार साधणे किती कठीण जाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ते काम चारशे वर्षांपूर्वी भुयारात, मैलोगणती अंतर राखून केलेले आहे. अंबरानंतरही अशा आणखी नहरी झाल्या.

या विद्येचा उघड्यावर दिसणारा नमुना म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. डोंगराकडून आलेले पाणी एका उंच भिंतीवर चढविलेले आहे. ते तेथून हौदात कोसळते, आणि त्याच जोरावर खाली जात्याचे पाते फिरून दर्ग्यातील फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. मोठा हौद एका दालनाच्या छतावर आहे. डोक्यावर पाणी असल्याने ते दालन भर उन्हाळ्यात गार राहते. आम्ही एकदा मे महिन्यात तेथे बसलो होतो. बाहेर डांबर वितळत होते आणि आत उपरणे अंगावर ओढावेसे वाटत होते. येणारी मंडळी हौदातील मासे पाहून निघून जातात. त्यांनी भिंतीवरून पडणाऱ्या धारेखाली क्षणभर थांबून 'हे पाणी आले कोठून?' असा प्रश्न विचारला, तर शहराची अर्धी किल्ली हाती येईल.

औरंगजेबाच्या काळात शहराला वैभव चढले. 1682 साली बादशहा होऊन तो येथे आला, तो पुन्हा उत्तरेस गेलाच नाही. 1707 साली अहमदनगर येथे तो वारला आणि जवळच्या खुलदाबादेस साध्या कबरीत पुरला गेला. शहराचा कोट त्याच्या काळचा. दरवाजे बावन्न असे लोक सांगतात. त्यांपैकी दिल्ली, पैठण, मक्का, रोशन, रंगीन हे आजही उभे आहेत. दिल्ली दरवाजाचे तोंड दिल्लीच्या वाटेकडे, पैठण दरवाजाचे पैठणच्या वाटेकडे; म्हणजे दरवाजा हाच त्या काळचा मार्गदर्शक फलक होता. बीबीचा मकबरा ही औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची, समाधी. ताजमहालाशी तुलना करून तिला नाक मुरडण्याची प्रथा आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यात व घुमटास, आणि बाकी भिंती काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा दिलेल्या, हे खरे. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याची नोंद सांगितली जाते. ताजच्या मानाने ती चिल्लरच. पण अताउल्ला या शिल्पकाराने आणि हंसपतराय या कारागिराने बेताच्या पैशात काय साधले, या दृष्टीने तो गिलावा पाहिला तर मन प्रसन्न होते. दोघांची नावे प्रवेशद्वाराच्या दारावर कोरलेली आहेत.

याच शहरात वली औरंगाबादी जन्मला. उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतात. सुती आणि रेशमी धाग्यांचे हिमरू कापडही येथलेच. हातमागावर हिमरू विणणारी घरे आता थोडी उरली आहेत. मागाचे काम डोळ्यांनी पाहावयास मिळाले तर घाई करू नये.

1763 साली निजामाने राजधानी हैदराबादेस हलविली आणि शहरास उतरती कळा लागली. पुढे 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आपले गाव या बाजूला, औरंगाबाद त्या बाजूला. सोयरीक चालू राहिली, पण कचेरी, शाळा आणि शिक्का वेगळे झाले. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 साली वऱ्हाड व मराठवाडा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. तुटलेला शेजार असा शंभर वर्षांनी पुन्हा जुळला.

त्याच काळात शहरात एक नवा झरा फुटला, तो शिक्षणाचा. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्याच्या मुलांना हैदराबाद गाठावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली येथे महाविद्यालय काढले. ते मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर तो नागसेनवन. ज्यांच्या घरात अक्षर शिरले नव्हते अशी हजारो मुले तेथून पदव्या घेऊन बाहेर पडली. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. त्यास बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून दीर्घ चळवळ झाली, त्यात माणसांचे प्राण गेले, आणि 1994 साली नामविस्तार झाला. मकबऱ्यापासून नागसेनवन फार दूर नाही. आपल्या सहलीच्या मुलांना तेथेही न्यावे अशी शिक्षकांस आमची विनंती आहे.

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. कारखाने आले, नव्या वसाहती झाल्या, आणि 2011 च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेबारा लाखांवर गेली. एवढ्यांची तहान नहरींनी भागणे शक्य नव्हते. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले, 1976 साली त्याचे उद्घाटन झाले, आणि तेथून पंपांनी पाणी वर चढवून शहरात आणले जाऊ लागले. धरण भरलेले असतानाही अनेक वस्त्यांना चार चार, आठ आठ दिवसांनी नळ आला अशी वर्षे या शहराने काढली आहेत. इकडे नहरींचे काय झाले? कोठे घराचा पाया खोदताना फुटली, कोठे रस्त्याखाली गाडली गेली, कोठे गटाराचे पाणी तिच्यात शिरले. काही भाग अजून जिवंत आहे आणि त्यावर जीव टाकणारी माणसेही शहरात आहेत. मोठ्या धरणाची गरज होतीच, याबद्दल आम्हांस शंका नाही. पण नवे आले म्हणून जुने बुजवावेच, असा नियम कोणी केला होता? नहर फुटली त्या दिवशी कोणी ओरड केली नाही, कारण त्या दिवशी नळाला पाणी होते.

शहराबाहेर जावयाचे तर देवगिरी-दौलताबाद आणि वेरूळ एका दिवसात होतात. येथे सिंदखेडच्या मुलखातील माणसाने विशेष थांबावे. आपल्या सिंदखेडची लेक जिजाऊ ज्या भोसल्यांच्या घरात गेली, त्यांचे गाव वेरूळ. आणि तिचे वडील लखुजी जाधव 1629 साली निजामशहाच्या दरबारात दग्याने मारले गेले ते दौलताबादच्या किल्ल्यात. वेरूळच्या 34 लेण्यांतील कैलास वरून खाली खोदत आणला आहे, एवढे ध्यानात ठेवून पाहावे म्हणजे पुरे. त्याचे वर्णन करण्यात आम्ही शब्द दवडीत नाही. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, त्यास दिवस वेगळा लागतो. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे विसरून गेलेले कित्येक प्रवासी आम्ही दारावरून परत फिरताना पाहिले आहेत.

शहरासाठी मात्र एक सबंध दिवस राखावा. सकाळी उन्हापूर्वी मकबरा, मग पाणचक्की, मक्का दरवाजावरून खाम ओलांडून भडकल दरवाजा, दुपारी नागसेनवन, आणि संध्याकाळी दिल्ली दरवाजाबाहेर सलीम अली सरोवर. खाणाऱ्यांनी नान-खलिया विसरू नये. इतरांस गुलमंडीवर उपाशी राहावे लागत नाही.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून सिंदखेडराजाजवळून मोटार निघाली की जालना केव्हा मागे पडले तेही कळत नाही. वाट जवळ आली आहे. परतताना मात्र प्रवाशाने एक काम करावे. घरी पोचल्यावर आपल्या गावच्या जुन्या विहिरी आणि बारवा कोठे आहेत, त्यांत आज पाणी आहे की केरकचरा, हे एकदा फिरून पाहावे. निजामाने दिलेले नाव आपण टिकू दिले नाही, त्यात आपले काही गेले नाही. पूर्वजांनी खणलेले पाणी मात्र तसे जाऊ देता येणार नाही.