‘सेक्युलर’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजीतून आपल्या सार्वजनिक व्यवहारात शिरलेल्या विशेषणांपैकी ‘सेक्युलर’ हे विशेषण जितक्या आवेशाने उच्चारले जाते, तितक्या विवेकाने ते कोणत्या नामाला लावले आहे याचा विचार होत नाही; परिणामी व्यक्ती, समाज आणि राज्य या तीन भिन्न वस्तूंविषयीची विधाने एकमेकांत मिसळून वाद मात्र अकारण वाढतो.

गैरसमज : सेक्युलर म्हणजे नास्तिक.

वस्तुस्थिती : ज्या लॅटिन शब्दावरून हे विशेषण आले, त्याचा अर्थ युग, पिढी, किंबहुना इहलोकीचा काळ असा आहे, आणि कॅथलिक धर्मव्यवस्थेत, जे पाद्री कोणत्याही संन्यस्त संघाची दीक्षा न घेता बिशपच्या अंमलाखाली गावोगावच्या चर्चचा कारभार पाहतात, त्यांनाच शतकानुशतके ‘सेक्युलर’ पाद्री म्हटले गेले आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यातही फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांचे पाद्री आणि हे सेक्युलर पाद्री असा भेद होताच. पुढे १८५१ साली ‘सेक्युलॅरिझम’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या जॉर्ज जेकब होल्योक यांनीही आपली ही इहवादी विचारसरणी आणि नास्तिकता या दोहोंतील अंतर आवर्जून राखले.

गैरसमज : राज्य सेक्युलर असले की समाजही तसाच असतो.

वस्तुस्थिती : इंग्लंडचा राजा तेथील प्रस्थापित चर्चचा सर्वोच्च अधिपती असून वरिष्ठ सभागृहात सव्वीस बिशपांना आसने राखून ठेवलेली आहेत, म्हणजे राज्य औपचारिकरीत्या धर्मसंलग्न आहे, तरीही २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समधील ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याची नोंद केली. याउलट भारतात राज्याला अधिकृत धर्म नाही, परंतु जन्मापासून अंत्यसंस्कारापर्यंत समाजाचा बहुतेक व्यवहार धर्माच्या साक्षीनेच चालतो. पहिल्या ठिकाणी हे विशेषण समाजाला अधिक शोभते, दुसऱ्या ठिकाणी राज्याला.

गैरसमज : १९७६ पूर्वी हा शब्द आपल्या राज्यघटनेत नव्हता.

वस्तुस्थिती : उद्देशिकेत नव्हता, हे खरे. १९४८ साली घटनासमितीत प्रा. के. टी. शहा यांनी पहिल्याच अनुच्छेदात तो घालण्याची सूचना मांडली व ती नामंजूर झाली. उद्देशिकेत तो आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. तथापि धर्मस्वातंत्र्याविषयीच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी संहितेत, धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय ‘वा अन्य सेक्युलर’ व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा राज्याला देताना, हे विशेषण प्रारंभापासूनच योजलेले आहे. शिवाय त्या दुरुस्तीच्या आधी, १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत तिच्या सेक्युलर स्वरूपाची गणना केली होती.

गैरसमज : सेक्युलर राज्याने धर्मसंस्थेच्या कारभाराकडे पाहूही नये.

वस्तुस्थिती : सगळ्या देशांचा रिवाज एक नाही. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य यांची फारकत केली. आपल्याकडे मात्र उपासना ही धर्माची बाब आणि देवस्थानाची मिळकत, जमाखर्च व हिशेबतपासणी ही इहलौकिक बाब, असा भेद घटनेनेच गृहीत धरला आहे. म्हणूनच महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली मंदिरे व तत्सम धार्मिक न्यास यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी होते आणि त्यांच्या हिशेबांची चौकशी तेथे करता येते. पूजा कोणती आणि पैसा कोणता, ही सीमारेषा प्रत्येक वेळी सुस्पष्ट असतेच असे नाही; न्यायालयांत तंटे उभे राहतात ते याच रेषेवर.

तात्पर्य, हे विशेषण कोणाच्या श्रद्धेचे मोजमाप नाही आणि शिवीही नाही. अमुक व्यवहार इहलोकाच्या अधिकारकक्षेत येतो, एवढेच ते सांगते. यापुढे कोणी ते आपल्यासमोर उच्चारले, तर वाचकांनी प्रथम एवढेच विचारावे, की सेक्युलर कोण : माणूस, समाज, की राज्य?