डब्यातला सिरक्याचा वास

माझे मामू टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. त्यांच्या पश्चात ट्रंकेत रिळाचा एक डबा सापडला. झाकण उघडलं आणि सिरक्याचा भपकारा आला. अम्मीला वाटलं, लोणच्याची बरणी फुटली. बरणी कुठली, फिल्मच आंबली होती!

ती फिल्म अ‍ॅसिटेटची. भडकून पेटत नाही म्हणून तिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणतात. पण दमट, उष्ण हवेत ती आकसते आणि तिच्यातून सिरक्यातलंच आम्ल सुटतं.

दादासाहेब फाळक्यांच्या काळी फिल्म होती नायट्रेटची. पारदर्शक, लवचीक, पण कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जे स्फोटक बनवतात, त्याची ही सख्खी बहीण. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आग लागली नाही तरी सुटका नाहीच. आधी चित्र फिकटतं, मग रीळ मधासारखं चिकट होतं, शेवटी तपकिरी भुकटी.

उरलेलं काम माणसांनी केलं. बोलपट आले, मूकपटांना गिऱ्हाईक राहिलं नाही. फिल्मवरच्या लेपात चांदी असते, तेवढ्यासाठी रिळं मोडीत गेली. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, उरले ते मोजके आणि बरेचसे तुटके. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं तेवढं आहे. तीही १९१७च्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. १९१९चा ‘कालिया मर्दन’ त्या मानानं नशीबवान. त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची मंदाकिनी आजही दिसते. माझी कविता कागद जळला तरी कुणाला पाठ असेल तर राहील. मंदाकिनीचं हसणं पाठ कसं करणार?

म्हणून प्रती काढायच्या. नायट्रेटवरून अ‍ॅसिटेटवर, ते आंबू लागलं की पॉलिएस्टरवर. आता संगणकावरही उतरवतात, तरी मूळ रीळ फेकायचं नसतं. ते थंड, कोरड्या खोलीत ठेवायचं. तेही नेहमी साधत नाही. ८ जानेवारी २००३ला पुण्यातच आग लागून नायट्रेटची कितीतरी रिळं गेली.

मामूंचं रीळ आता उलगडतही नाही. एका जाणकारांना दाखवलं, तर म्हणाले, ‘दुसऱ्या फिल्मजवळ ठेवू नका. ह्या वाफेनं शेजारचं रीळही आंबतं.’