सायटिकाच्या वेदनेवर टेन्स : करंट नेमके काय करतो?

कमरेतून नितंबामागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ घेऊन फिजिओथेरपी विभागात आलेला रुग्ण बऱ्याचदा स्वतःच सांगतो, "मला करंट लावा, मागच्या वेळी आराम पडला होता." त्याचे म्हणणे खोटे नसते. पण आराम पडला म्हणजे दबलेली नस सुटली, असा अर्थ तो लावतो आणि कित्येक विद्यार्थीही तसाच लावतात. हा प्रवाह शरीरात कुठपर्यंत पोचतो, काय बदलतो आणि काय बदलत नाही, हे या पाठात पाहू.

सायटिक चेता ही शरीरातील सर्वांत जाड चेता. एल-४ ते एस-३ या चेतामुळांपासून ती बनते. कमरेचा चौथा व पाचवा मणका यांच्यामधील किंवा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामधील गादी सरकली की तिच्या एखाद्या मुळावर दाब येतो आणि तिथे दाहही होतो. एल-५ चे मूळ दुखावले तर मुंग्या व कळ पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जातात. एस-१ चे दुखावले तर टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळीकडे. म्हणजे दुखते पायात, पण बिघाड कमरेत असतो. ही गोष्ट पुढे इलेक्ट्रोड लावताना उपयोगी पडेल.

टेन्स हे 'ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन'चे संक्षिप्त रूप. त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून लहान विद्युत स्पंद देऊन चेतातंतू उत्तेजित करायचे, एवढेच त्यात असते. दुर्बल स्नायू आकुंचित करण्यासाठी देतात ती उत्तेजना वेगळी, तिचा हेतूही वेगळा. परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते.

यामागची कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. ठेच लागल्यावर आपण न शिकवता अंगठा चोळतो. स्पर्शाचा संदेश नेणारे ए-बीटा तंतू जाड व आवरणयुक्त असतात आणि सेकंदाला साधारण ३० ते ७० मीटर वेगाने संदेश नेतात. ठणकणारी वेदना नेणारे सी तंतू बारीक, आवरणहीन, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पावलापासून मज्जारज्जूपर्यंत सुमारे एक मीटर अंतर धरले तर स्पर्श सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आत पोचतो, ठणक पोचायला अर्धा ते दोन सेकंद लागतात. मात्र ही नुसती शर्यत नव्हे. मज्जारज्जूच्या मागच्या शृंगात ए-बीटा तंतू काही रोधक पेशींना जागे करतात आणि त्या वेदनेचा संदेश पुढच्या पेशीकडे जाऊ देत नाहीत. यालाच 'दार' म्हटले गेले. दाराच्या आतल्या जोडण्यांबद्दलचे तपशील नंतरच्या संशोधनाने बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकून आहे.

आता प्रश्न असा, की यंत्र फक्त जाड तंतूच कसे निवडते? बाहेरून दिलेल्या विद्युत स्पंदाला जाड तंतू आधी प्रतिसाद देतात. स्पंद जितका छोटा ठेवावा, तितके स्पर्श, स्नायू-आकुंचन आणि वेदना यांचे उंबरठे एकमेकांपासून दूर राहतात. म्हणून नेहमीच्या टेन्समध्ये स्पंदकालावधी ५० ते २०० मायक्रोसेकंद आणि वारंवारिता ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. एक छोटे गणित करा. १०० हर्ट्झ आणि १०० मायक्रोसेकंद घेतले तर एका सेकंदात प्रवाह एकूण १० मिलिसेकंदच वाहतो, म्हणजे अवघा एक टक्का वेळ. शिवाय स्पंद दोन्ही दिशांनी समतोल असला तर त्वचेखाली निव्वळ विद्युतभार साचत नाही, त्यामुळे रासायनिक भाजणे टळते.

दुसरी पद्धत २ ते ४ हर्ट्झची, स्नायू ठळकपणे फडफडेल इतक्या तीव्रतेची. तिच्यात शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइड यंत्रणेतील म्यू ग्राहींचा वाटा मोठा आहे, तर उच्च वारंवारितेत डेल्टा ग्राहींचा. म्हणून दीर्घकाळ ओपिऑइड वर्गातील गोळ्या घेणाऱ्याला कमी वारंवारितेचा उपयोग कमी होऊ शकतो. त्याच्या औषधांची चिठ्ठी आधी पाहा.

सायटिकात पॅड कुठे लावायचे? एक जोडी दुखावलेल्या मुळाच्या पातळीवर कण्याच्या बाजूला, दुसरी मांडीमागे किंवा पोटरीवर, त्याच मुळाच्या त्वचापट्ट्यात. त्याआधी टोकदार-बोथट स्पर्शाची चाचणी केलीच पाहिजे. बधिर भागावर पॅड लावू नये. तिथे रुग्णाला तीव्रता कळत नाही, आणि ज्या तंतूंनी दार बंद करायचे त्यांचाच संदेश दबलेल्या मुळातून नीट पुढे जात नसतो. तीव्रता ठसठशीत पण न दुखणारी हवी. काही मिनिटांत संवेदना मंदावते, तेव्हा ती पुन्हा थोडी वाढवावी. 'जेमतेम जाणवतेय' यावर थांबणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे, असे माझे मत आहे.

एवढी सुबक यंत्रणा, मग पुरावा काय सांगतो? १९९० मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर खरे व खोटे टेन्स तपासले. दोहोंत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. व्यायामाने मात्र फायदा झाला, आणि दोन महिन्यांनी, बहुतेकांनी व्यायाम सोडल्यावर, तोही गेला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी व सायटिकासाठी टेन्स देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेनेही जुनाट कंबरदुखीत त्याची शिफारस केली नाही. याउलट २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. वेगवेगळ्या प्रकारच्या वेदनांत टेन्स चालू असताना आणि लगेच नंतर तीव्रता कमी होते, असे त्यात दिसले. ही दोन्ही विधाने एकत्र खरी असू शकतात. यंत्र चालू असेपर्यंत दार लोटलेले असते, पण सरकलेली गादी होती तिथेच असते. त्यात गादीमुळे झालेला सायटिका बहुतेकांत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप उतरतो. दहा बैठका त्याच काळात झाल्या, की श्रेय यंत्राकडे जाते आणि पैसे रुग्णाच्या खिशातून.

तरीही यंत्र वापरायचे असेल, तर तो अर्धा-पाऊण तास रुग्णाला पालथे पडून घालवू देऊ नका. दार लोटलेले असताना त्याला उभे करा, चालवा, व्यायाम करून घ्या. आणि 'दुखणे किती' एवढेच न विचारता न थांबता किती मिनिटे चालला, किती वेळ बसला याची नोंद ठेवा.

पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय टेन्स नको. मानेच्या पुढच्या भागावर, गर्भवतीच्या पोटावर व कमरेवर, जखमेवर किंवा कर्करोगाच्या गाठीवरही नको. घरी मागवलेल्या यंत्रालाही हेच लागू. पाऊल उचलता येत नसेल किंवा पायातील ताकद दिवसागणिक घटत असेल, तर वेदना कमी झाली तरी डॉक्टरांकडे पाठवा. दबून निकामी होत चाललेली चेता दुखणे थांबवूही शकते. लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे किंवा जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. तिथे प्रश्न तासांचा असतो.