हाडाखालची दोन बोटं

घराच्या दगडी पायरीवर बसा आणि एक हात, तळवा वर करून, बुडाखाली सरकवा. मांसातून काहीतरी टणक आणि गोलसर बोटांना रुतेल. कमरेच्या हाडाची ही खालची टोकं. डावीकडे एक, उजवीकडे एक, साधारण पेढ्याएवढी. बसल्यावर डोकं, हात, धड यांचा बराचसा भार या दोन पेढ्यांवर येतो. मिनिटभरात हाताला रग लागते आणि तो आपण काढून घेतो.

रग ही निसर्गाची मोठी देणगी. धुळ्याच्या देवपुरातून जळगावला एसटीनं जाताना आपण किती वेळा या बाजूवरून त्या बाजूवर होतो, ते आपल्यालाही कळत नाही. मणक्याला मार लागून ज्यांची कमरेखालची संवेदना गेली, त्यांच्यापर्यंत ही रग पोचतच नाही. व्हीलचेअरवरची गादी असते ती त्यांच्यासाठी.

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतात, तेच माप इथं घेऊ. 1930 मध्ये युजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांतला रक्तदाब मोजला. तो भरला पाऱ्याच्या सुमारे 32 मिलिमीटर. कठीण फळीवर बसलं तर हाडाखालचा दाब सहज शंभरापुढे जातो. 32 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, माणसागणिक फरक पडतो. पण हिशेब सरळ आहे: बाहेरचा दाब जास्त झाला की नळी मिटते आणि रक्त थांबतं. ते फार वेळ थांबलं तर मांस मरतं. तेही आधी आत, हाडाला चिकटून. आंबा बाहेरून पिवळाधमक दिसावा आणि कापल्यावर कोयीपाशी काळा निघावा, तशी ही जखम.

मग मऊ गादी घ्यावी, एवढंच ना? खरा चकवा इथंच आहे. खानदेश कापसाचा मुलूख, गादी म्हटलं की आपल्याला कापूसच आठवतो. पण महिनोन् महिने एकाच जागी बसल्यावर कापूस दबतो, त्याचे गोळे होतात आणि पिंजाऱ्याला बोलवावं लागतं. दबलेल्या गादीतून हाड थेट खालच्या फळीला भिडतं. गादीचं काम मऊ लागण्याचं नाही, भार वाटून देण्याचं आहे. दोन पेढ्यांवरचं ओझं मांड्यांपर्यंत पसरवायचं.

हे काम कोणती गादी कसं करते, त्यात गंमत आहे. फोमच्या चांगल्या गादीत हाडांच्या जागी खळगा कोरलेला असतो आणि मांड्या भार उचलतात. ती हलकी, स्वस्त आणि स्थिर असते, पण उष्णता कोंडून ठेवते आणि काळानं चेपते. दाबाचा ठसा धरणारा मेमरी फोम 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी, विमानातल्या आसनांकरता घडवला होता. जेलची गादी सुरुवातीला गार लागते, कारण ती अंगातली उष्णता शोषते. तासा-दोन तासांत मात्र तीही अंगाएवढी तापते. धुळ्याच्या मे महिन्यात ती उन्हात राहिली तर निखाराच. ज्याला चटका कळत नाही, त्याची कातडी भाजू शकते. शिवाय जेल बाजूला सरकतं, ते रोज हातानं मळून पुन्हा हाडांखाली आणावं लागतं.

सर्वांत अजब हवेची गादी. 1970 च्या दशकात रॉबर्ट ग्रेब या अमेरिकी अभियंत्यानं रबराच्या छोट्या छोट्या फुग्यांची रांगोळीच मांडली. फुगे आतून एकमेकांना जोडलेले. एक दबला की त्याची हवा शेजाऱ्यांकडे जाते आणि आतला दाब सगळीकडे सारखा होतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच! माणूस जणू पाण्यावर तरंगतो. पण हवा जास्त झाली तर ती फुटबॉलसारखी टणक होते, कमी झाली तर हाड तळाला टेकतं. ज्याला धड सावरता येत नाही तो डुगडुगतो. आणि आपल्याकडच्या बाभळीच्या एका काट्यानं सगळं विज्ञान फुस्स होतं.

भोकाची गोल रिंग मात्र नकोच. भोकावरचं मांस लोंबतं, कडा भोवतीच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि जिथं रक्त हवं तिथंच ते कमी पोचतं.

मग आपली गादी बरी की वाईट, हे कसं ओळखायचं? यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात शिकवलेली ही चाचणी पाहा. माणसाला खुर्चीत त्याच्या गादीवर बसवा, पुढे वाकायला सांगा, हाडाखाली बोटांची टोकं सरकवा आणि त्याला पुन्हा सरळ बसू द्या. हात मांड्यांवर. आता बोटं वर-खाली निदान 5 मिलिमीटर हलली, तर गादी सुरक्षित. हलत नाहीत पण सहज सरकून बाहेर येतात, तर सावध. घट्ट आवळली गेली आणि ओढून काढावी लागली, तर ती गादी धोक्याची. दुसऱ्या हाडाखालीही हेच करा.

चांगली गादीही एकटी पुरत नाही. पुण्याजवळ खडकीला 1974 पासून जायबंदी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी गादीइतकाच भर सवयीवर असतो. अधूनमधून पुढे किंवा बाजूला झुकायचं आणि सुमारे दोन मिनिटं तसंच राहायचं, कारण मांसात रक्त पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतो. गादी बदलली की बसण्याची उंची बदलते, म्हणून पायपट्टी आणि तोल पुन्हा बघावा. रोज रात्री आरसा धरून कातडी तपासावी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तेव्हा हात फिरवून जागा गरम किंवा कडक लागते का ते बघावं.

घरात, शेजारी कुणी व्हीलचेअरवर बसत असेल, तर गादीची किंमत नंतर विचारा. आधी, त्यांची परवानगी घेऊन, दोन बोटं घालून बघा.