‘अहो, ऐकताय ना?’

स्वयंपाकघरातून मी सांगावं एक आणि ह्यांनी आणावं भलतंच, असं आमच्याकडे दोन-तीन वर्षं चाललं होतं. मला वाटे, ह्यांचं घरात लक्षच नाही! त्यावरून भांडणंही झाली, खोटं कशाला सांगू? शेवटी टीव्हीच्या आवाजाबद्दल शेजारच्या वहिनी बोलल्या, तेव्हा कुठे मी ह्यांना मारुंजीहून शहरातल्या एका रुग्णालयात कान तपासायला नेलं.

डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हणून सांगितलं आणि आम्हाला ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं. तिशीच्या आतली मुलगी. तिने ह्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. मग आलेख माझ्यापुढे धरला. सरळ चाललेली रेघ चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती.

‘‘यंत्रांच्या आवाजात काम करतात का?’’ तिने विचारलं. मी चाटच पडले! हे चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या नाजूक पेशी. ८५ डेसिबलच्या वर आवाज, रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं सोसला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच स्वर. म्हणून माझा आवाज ह्यांना ऐकू येई, पण ‘स’, ‘श’ निसटत. ‘साखर’ म्हटलं की पोचायचं नुसतं ‘आखर’. आणि मी इकडे रुसून बसलेली!

तिचं निम्मं काम तान्ह्या बाळांचं. बाळ दूध पिऊन झोपलं की कानात मऊ बोंडी घालून हलकी टिकटिक सोडायची. कान निरोगी असला की आतून बारीक प्रतिध्वनी येतो, तो यंत्र टिपतं. पहिल्या महिन्यात ही चाचणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. पण ‘आमच्यात मुलं उशिराच बोलतात’ म्हणत घरचे दोन-दोन वर्षं घालवतात. ‘‘तपासणीपेक्षा आईला सांगणं जड जातं,’’ ती म्हणाली.

(बारावी सायन्सच्या मुली घरात असतील तर सांगून ठेवते, हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात तो १९६६ साली सुरू झाला. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची.)

ह्यांना श्रवणयंत्र इतक्यात नको म्हणाली, पण दरवर्षी तपासणी हवी आणि कामावर इअरप्लग हवेतच. मला ताकीद अशी, की ओरडायचं नाही, समोर येऊन बोलायचं.

पहिल्याच आठवड्यात ते इअरप्लग धुण्याच्या कपड्यांत, खिशात सापडले. आता जेवणाचा डबा भरते तेव्हा त्यांची डबीही मीच पिशवीत वरच ठेवते.