मनाच्या जखमा आणि मंडळीचा आसरा : लेखांक पाचवा

मागील लेखांकात क्षमा या संकल्पनेचा विचार झाला; परंतु क्षमेच्याही आधी दुखावलेल्या माणसाला कशाची गरज असते, हा प्रश्न तेथे शिल्लक राहिला होता. मानसिक आघात, म्हणजे मृत्यू, हिंसा, परित्याग किंवा अवहेलना यांमुळे माणसाचा स्वतःवरचा व इतरांवरचा भरवसा मोडून पडणे, ही ख्रिस्ती विचारात केवळ त्या व्यक्तीची खाजगी बाब मानली जात नाही. तिचा भार मंडळीने, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, वाहावा अशी अपेक्षा असते. या विचाराची प्रत्यक्ष रूपे पाहण्यासाठी कर्जतच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. तालुक्याच्या दक्षिणेकडील भीमा ओलांडून दौंडमार्गे पुण्याकडे निघाल्यास केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन लागते, तर शेजारच्याच तालुक्यात, जामखेड येथे, आरोळे दांपत्याने उभारलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे.

रमाबाईंचे (1858–1922) कार्य समजून घेताना त्या स्वतः किती शोकांतून गेल्या होत्या हे विसरता येत नाही. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, थोरली बहीणही गेली; 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी यांचाही मृत्यू झाला, आणि मनोरमा या लहानग्या मुलीसह त्या एकाकी उरल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर तेथील धर्मभगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची ज्या आपुलकीने काळजी घेत होत्या ती पाहून त्यांनी त्यामागचे कारण विचारले, तेव्हा योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना सांगण्यात आली. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. श्रद्धा स्वीकारताच मन बरे होते अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी, आणि ती अपेक्षा इतरांवर लादणाऱ्यांनी तर अधिकच, रमाबाईंच्या या आठ वर्षांकडे लक्ष द्यावे.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या, आणि 1900 पर्यंत केडगावातील आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. यांपैकी कित्येकींनी घरातली माणसे उपासमारीने मरताना पाहिली होती, तर काहींची फसवणूक व छळ झाला होता. त्यांना सर्वप्रथम मिळाले ते अन्न, वस्त्र आणि जेथून कोणी ओढून नेणार नाही असे छप्पर. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग होता. त्यानंतर शेती, विणकाम, शिक्षण व छपाई ही कामे त्यांच्या हाती आली, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईचे कामही याच स्त्रियांनी केले. ज्या हातांना अपशकुनी ठरवले गेले होते त्याच हातांनी पवित्र शास्त्राची पाने छापली, यापेक्षा मोठा मानसोपचार त्या काळात क्वचितच कोठे झाला असेल.

1905 मध्ये येथे जे धार्मिक जागरण घडले, त्यात शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत आणि रडत असत. बाहेरच्या अनेकांना तो अतिरेक वाटला. परंतु स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे त्यांत देवासमोर दुःखाची आणि क्रोधाचीही उघड मांडणी केलेली आहे, हे ध्यानात घेतले तर त्या आक्रोशाचा अर्थ लागतो.

जामखेडचे स्वरूप वेगळे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने 1970 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात धर्मांतर हे उद्दिष्ट नव्हते. तेथे आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडलेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी अनेक जणी दलित, विधवा किंवा टाकलेल्या होत्या. प्रशिक्षणासाठी एकत्र राहताना निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया शिवून जोडलेल्या एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. पुढे त्याच आपापल्या गावात बाळंतपणे करू लागल्या आणि कुष्ठरुग्णांना गावातच उपचार व स्थान मिळावे म्हणून झटू लागल्या.

दोन्ही ठिकाणी क्रम एकच आढळतो: आधी सुरक्षितता, मग दुःख बोलण्याची मोकळीक, त्यानंतर जबाबदारी, आणि क्षमा जर आली तर ती या सर्वांनंतर, आपल्या वेळेने. हा क्रम उलटा करून मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला सर्वप्रथम “क्षमा कर आणि घरी जा” असे सांगणे ही आध्यात्मिक सेवा नव्हे, ती दुसरी जखम आहे. क्षमा आणि समेट या निराळ्या गोष्टी आहेत, कारण समेटासाठी अपराध करणाऱ्याचा पश्चात्ताप आणि बदललेले वर्तनही लागते.

कर्जत परिसरातील पाळकांनी व मंडळीतील वडीलजनांनी याबरोबर आणखी एक गोष्ट करावी. ज्याची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे किंवा जो मरणाच्या गोष्टी बोलू लागला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडेही न्यावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक उपासनामंदिराच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावून ठेवावा.