हाक पोहोचली, निरोप अर्धाच
वर्डप्रेसमध्ये लेख जतन झाला की ‘सेव्ह पोस्ट’ हा हुक तुमच्या फंक्शनला हाक मारतो. सोबत तीन गोष्टी निघतात: लेखाचा क्रमांक, खुद्द लेख आणि तो जुनाच सुधारला की नवा, याची खूण. हाती मात्र पहिलीच पडते! कारण ‘ॲड ॲक्शन’ने जोडणी करताना चौथी जागा रिकामी सोडली, तर वर्डप्रेस तिथे 1 धरते. तिसरी जागा अग्रक्रमाची, तिथे 10. या दोन आकड्यांत नवख्यांची हमखास गल्लत होते. फंक्शनला तिन्ही गोष्टी हव्यात आणि एकच मिळाली, तर पीएचपी 7.1पासून काम तिथेच थांबते. मला हे थांबणेच बरे वाटते. पूर्वी नुसता इशारा मिळायचा आणि चूक पुढे सरकायची. तेव्हा 10 नंतर 3 लिहायला विसरू नका.